धानाची भरडाई आणि लहान गिरणीची निवड
(चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या संदर्भात)

वैनगंगेच्या खोऱ्यात शेतातल्या पिकाला 'भात' म्हणत नाहीत. तेथे 'भात' ताटात असतो आणि शेतात व खळ्यावर 'धान' असते. धानापासून भातापर्यंतच्या वाटेवर जी एक क्रिया अटळ आहे तिला या भागात 'भरडाई' हे नाव आहे. मराठीत या वर्गातील क्रियांना तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद केवळ भाषिक नाही. दाण्याचे पीठ करणे म्हणजे दळणे, दाण्याची जाडसर शकले करणे म्हणजे भरडणे, आणि दाणा शाबूत ठेवून त्यावरील टरफल व कोंडा दूर करणे म्हणजे कांडणे. या काटेकोर अर्थाने पाहता धानाची 'भरडाई' हा शब्दप्रयोग थोडा चुकीचाच म्हणावा लागेल, कारण तेथे अपेक्षित असते ते कांडणे. परंतु गावोगावच्या जुन्या गिरण्यांतून बाहेर पडणारा तांदूळ पाहिला म्हणजे लोकांनी हा शब्द उगाच स्वीकारला नसावा असे वाटू लागते.

यंत्र विकणारा हा भेद क्वचितच करतो. त्याच्या दृष्टीने गिरणीचे गुण म्हणजे अश्वशक्ती, ताशी उत्पादन आणि किंमत. घेणाऱ्याने मात्र प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : दाण्याचे नेमके काय व्हावयास हवे आहे? हा प्रश्न किती निर्णायक आहे हे पाहण्यासाठी दळण्याचे एक टोकाचे उदाहरण घेता येईल. इटलीत प्रथम रूढ झालेल्या एस्प्रेसो कॉफीत सुमारे नऊ वातावरणांच्या दाबाखालील गरम पाणी कॉफीच्या घट्ट दाबलेल्या पुडीतून पंचवीस-तीस सेकंदांत पार व्हावे लागते. पुडीत काही कण भरड व काही अगदी बारीक असे मिश्रण असेल तर पाणी भरड कणांमधल्या सोप्या वाटेने निसटते. तेथील कॉफीचा अर्क अपुरा उतरतो आणि बारीक कणांतून कडवटपणा तेवढा येतो. म्हणून पाते गरगर फिरवून दाणे तोडणारे घरगुती मिक्सर त्या कामी निरुपयोगी ठरतात. त्यासाठी लागतात दोन दातेरी चकत्या अथवा शंकू, एक स्थिर व एक फिरता, आणि त्यांच्यातील फट केसभर कमीजास्त करण्याची सोय. थोडक्यात, लागते ते जातेच, परंतु पोलादाचे. तेथे सारे लक्ष फुटलेले कण एकसारखे असण्यावर असते. धानाच्या बाबतीत कसोटी याच्या अगदी उलट आहे, कारण दाणा फुटताच कामा नये. जे यंत्र जोराने आणि निश्चयाने दाण्यावर तुटून पडते ते कॉफीच्या कामी उत्तम असेल. धानाच्या कामी ते शत्रू होय.

या दोन पिकांचा संबंध केवळ उदाहरणापुरता नाही. भारताच्या ग्रामीण भागात 'हलर' या नावाने परिचित असलेली गिरणी मूळ कॉफीच्याच देशातून आली. ब्राझीलमधील एव्हारिस्तो कोन्राद एंगेलबर्ग याने १८८५ च्या सुमारास कॉफीच्या बिया व धान या दोहोंचे टरफल काढणारे यंत्र तयार केले, आणि अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे स्थापन झालेल्या कंपनीने ते जगभर पाठविले. त्याची रचना अतिशय साधी आहे. आडव्या लोखंडी नळकांड्यात खाचा असलेला पोलादी रूळ वेगाने फिरतो; बाजूला एक पोलादी पट्टी असते, ती पुढेमागे सरकवून दाण्यावरील दाब कमीजास्त करता येतो; खाली जाळी असते. धान एका टोकाने आत जाते, रूळ, पट्टी आणि शेजारचे दाणे यांच्याशी घासत दुसऱ्या टोकाने तांदूळ होऊन बाहेर पडते. टरफल निघणे व तांदूळ पांढरा होणे या दोन्ही क्रिया एकाच पोकळीत, एकाच वेळी उरकतात.

यातच हलरचे सारे आकर्षण आणि सारे दोष सामावले आहेत. यंत्र स्वस्त, त्यात बिघडण्याजोगे फार थोडे, आणि गावचा लोहार देखील त्याची पट्टी घडवू शकेल. परंतु टरफल काढण्यास लागणारा दाब आणि कोंडा घासण्यास लागणारा दाब हे दोन भिन्न दाब आहेत, आणि हलर त्यांत फरक करू शकत नाही. टरफल सुटलेला नाजूक दाणा अजून न सुटलेल्या दाण्यांच्या गर्दीत भरडला जात राहतो. शिवाय तूस व कोंडा एकत्र होऊन जाळीतून पडतात. निखळ कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते, आणि जनावरांना व कोंबड्यांना तो उत्तम खाद्य होतो. तुसात मात्र पोषण जवळजवळ नाही, उलट वाळूसारखी सिलिका भरपूर असते. दोहोंचे मिश्रण झाले की कोंड्याची किंमत तुसाच्या पातळीवर येते. अनेक गावी भरडाईचा मोबदला म्हणून हे मिश्रण गिरणीवाल्याकडेच राहते, आणि धान आणणाऱ्या बाईला आपण काय सोडून आलो याचा पत्ता लागत नाही.

हा तोटा आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त होईल. शंभर किलो वाळलेल्या धानात सुमारे २० ते २२ किलो तूस आणि ६ ते ८ किलो कोंडा असतो. म्हणजे कमाल तांदूळ सत्तरीच्या आसपास मिळू शकतो. शासकीय खरेदीच्या धानाची भरडाई करून देणाऱ्या गिरण्यांकडून क्विंटलमागे कच्चा तांदूळ ६७ किलो आणि उकडा तांदूळ ६८ किलो या प्रमाणात परत घेण्याचा दंडक आहे. साध्या हलरमध्ये हे प्रमाण बहुधा ६० ते ६३ च्या पुढे जात नाही. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला दहा क्विंटल धान लागते असे धरले आणि फरक क्विंटलमागे पाचच किलो मानला, तरी वर्षाकाठी पन्नास किलो तांदूळ हलरच्या जाळीतून तुसाबरोबर जातो. पाच माणसांच्या घरात हे साधारण महिन्याचे धान्य होय. जे मिळते त्यातील कणीचे प्रमाण निराळेच. कणी वाया जात नाही, तिची पेज होते हे खरे; पण बाजारात ती अख्ख्या तांदळाच्या भावाने कोणी घेत नाही.

हलरला पर्याय म्हणून जे यंत्र पुढे आले ते रबरी रुळांचे. त्यात रबर चढविलेले दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांनी, आणि वेगात सुमारे एक-चतुर्थांशाचा फरक ठेवून फिरतात. त्यांतील फट दाण्याच्या जाडीहून कमी असते. दाणा फटीत शिरला की त्याची एक बाजू जलद रूळ पुढे ओढतो, दुसरी बाजू मंद रूळ मागे धरतो, आणि टरफलाची दोन पाखे सुटतात. तळहातांमध्ये शेंगदाणे चोळून साल काढावी तसाच हा प्रकार आहे. रबर मऊ असल्यामुळे दाण्यावर आघात होत नाही. तूस वाऱ्याने वेगळे केले जाते आणि उरलेला तपकिरी, कोंड्यासह असलेला तांदूळ हवा तर दुसऱ्या खणात घासला जातो, नको तर तसाच घेता येतो. घरगुती अथवा बचत गटाच्या वापरासाठी मिळणाऱ्या लहान गिरण्यांत हे दोन्ही खण एकावर एक बसविलेले असतात. घेणाऱ्याने पहिली खात्री करावयाची ती हीच, की खण खरोखर दोन आहेत. बाजारात 'मिनी राइस मिल' या एकाच नावाखाली दोन्ही जाती विकल्या जातात; वरून रंग व आकार सारखा, आत मात्र कित्येकदा जुन्या हलरचेच लहान भावंड असते. झाकण उघडून रबर दिसले पाहिजे.

रबरी रुळांना स्वतःचे पथ्य आहे. एका फेरीत शंभरापैकी ८५ ते ९० दाणे सोलले गेले तर काम उत्तम चालले आहे असे समजावे. उरलेल्या दहा-पंधरा दाण्यांच्या लोभाने फट आवळली की कणी वाढते, रबर तापते आणि भराभर झिजते. तुसातील सिलिकेमुळे झीज तशीही चुकत नाही. जलद रूळ मंद रुळाहून लवकर झिजतो, म्हणून ठराविक काळाने दोहोंची अदलाबदल करावी लागते. हे न केल्यास वेगातील फरक नाहीसा होऊन रूळ दाणे सोलण्याऐवजी नुसते चेपू लागतात. रुळांची नवी जोडी कोठे मिळते हा प्रश्न म्हणून यंत्राच्या किंमतीइतकाच महत्त्वाचा आहे. मूल, ब्रह्मपुरी किंवा देसाईगंज यांसारख्या भरडाईच्या गावांजवळ राहणाऱ्याला तो जाणवत नाही. भामरागड वा एटापल्लीच्या आतील गावात, पावसाळ्यात नाल्यांना पूर असताना, रबर संपलेली उत्तम गिरणी ही निकृष्ट हलरपेक्षाही कमी उपयोगाची. तेथे दोन जादा जोड्या घेऊनच यंत्र घरी आणावे.

यंत्राइतकाच विचार दाण्याचा करावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड येथील शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या 'पटेल ३' जातीच्या धानात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्या वेगळ्या राखून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी जी जात सिद्ध केली तिला पुढे त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने तिचे शुद्ध वाण प्रसारित केले. खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी निवर्तले. त्यांच्या हातून आलेल्या बियाण्याने पूर्व विदर्भातील शेतांचे रूप पालटले होते. या जातीचा दाणा बारीक आहे, भाव त्याच्या बारीकपणालाच मिळतो, आणि नेमका हाच दाणा हलरमध्ये सर्वांत आधी मोडतो. जाड, आखूड दाण्याच्या जुन्या वाणांना हलरचा मार जितका सोसत असे तितका बारीक दाण्याला सोसत नाही. शेतात वाण बदलले पण गिरणी तीच राहिली, अशी विसंगत अवस्था त्यामुळे अनेक गावांत निर्माण झाली.

दाणा मोडण्याचे बीज पुष्कळदा गिरणीच्या आधीच पेरलेले असते. भरडाईच्या वेळी धानात १३ ते १४ टक्के ओलावा असावा. त्याहून जास्त असल्यास दाणा चेपतो व तांदूळ चिकटतो. फार कमी असल्यास तो ठिसूळ होतो. परंतु याहून सूक्ष्म कारण असे, की उन्हात चांगला वाळलेला दाणा रात्रीच्या दवात पुन्हा ओला झाला तर त्याचा बाहेरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो, आणि या ताणाने दाण्याला आडव्या चिरा पडतात. टरफलाआड त्या दिसत नाहीत. खळ्यावर आठवडाभर उघडे राहिलेले धान म्हणूनच कोणत्याही यंत्रात कणी देते आणि दोष यंत्राच्या माथी येतो. संध्याकाळी रास झाकणे हा भरडाईचा पहिला टप्पा होय असे म्हणावयास हरकत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची गोष्ट याहूनही निराळी. पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी पडते, आणि बांबूच्या सारवलेल्या ढोलीतील धानाचा ओलावा देखील दहा टक्क्यांच्या खाली उतरू शकतो. मे महिन्यातील दुपारची भरडाई म्हणजे कणी मागून घेणे. ज्यांना उन्हाळ्यात भरडाई करणे भागच आहे त्यांनी ती पहाटे करावी, किंवा धान आधी उकडून घ्यावे. उकडल्याने दाण्यातील पिठूळ भाग लुकणासारखा सांधला जातो, चिरा बुजतात, आणि दाणा हलरलाही बऱ्यापैकी दाद देत नाही.

उकडण्याचा दुसरा लाभ आरोग्याचा आहे. १८९० नंतरच्या दशकात जावा बेटावर काम करीत असलेल्या ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याला असे दिसले, की पांढऱ्याशुभ्र तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार जडतो आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यास तो बरा होतो. या संशोधनाने 'जीवनसत्त्व' या कल्पनेचा पाया घातला आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 'ब-१' जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा दाण्याच्या बाहेरील थरांत व अंकुरात असतो. घासून पांढरा केलेल्या तांदळातून तो कोंड्याबरोबर जातो, उकडताना मात्र त्यातील बराच अंश दाण्याच्या आत शिरतो. या प्रश्नाचे सामाजिक रूप शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुढे आले. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, जो. कॉ. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखाली, बिनसडीच्या तांदळाचा आणि हातकांडणीचा पुरस्कार केला. तेथील मगन संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले. गिरण्यांच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारा भात-गिरणी उद्योग कायदा १९५८ साली आला आणि १९९७ मध्ये रद्द झाला. कुमारप्पांच्या युक्तिवादात पोषणाचा भाग आजही अबाधित आहे. श्रमाचा भाग मात्र तितकासा निर्विवाद नाही. उखळ-मुसळाची किंवा मातीच्या चक्कीची कांडणी आरोग्याला हितकारक होती हे खरे, परंतु ते हित कोणाच्या खांद्यांवर उभे होते हे मुसळ धरणाऱ्या स्त्रीला विचारल्यावाचून त्याचा निवाडा होऊ शकत नाही. हलर गावात आला तेव्हा त्याचे स्वागत प्रथम बायकांनी केले, यात नवल ते काय?

लहान रबरी गिरणीने हा जुना पेच बराचसा सुटतो. बिनसडीच्या तांदळाची मोठी अडचण टिकण्याची आहे. टरफल निघाल्यावर कोंड्यातील तेल हवेशी व दाण्यातील विकरांशी संबंध येऊन खवट होते, आणि पावसाळी दमट हवेत काही आठवड्यांतच वास येऊ लागतो. म्हणून जो व्यापारी तांदूळ महिनोन्महिने साठवितो तो पांढराच साठविणार. परंतु धान घरात आणि गिरणी गावात असेल तर आठवड्यापुरता तांदूळ काढणे शक्य होते. टरफलासह धान वर्षभर बिनधोक राहते. निसर्गाने दिलेले ते उत्तम वेष्टन होय. मुसळाच्या काळात घरोघरी हीच रीत होती.

आता शक्तीचा व क्षमतेचा विचार. लहान जोडगिरणीला साधारणपणे तीन अश्वशक्तीची, एकपदरी विजेवर चालणारी मोटार असते, आणि ती ताशी दीडशे किलोच्या आसपास धान काढते. वनगावांत विजेचा दाब संध्याकाळी पुष्कळदा उतरतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. गिरणी घोंघावते, रूळ मंदावतात, धान अडकते, आणि तारेचे वेटोळे जळते. त्यामुळे कागदावरील अश्वशक्तीपेक्षा कमी दाबाला मोटार आपोआप तोडणारी कळ आणि तांब्याचे वेटोळे यांना अधिक महत्त्व द्यावे, आणि भरडाई दिवसा करावी.

क्षमतेच्या हिशेबात एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. वर्षाला दहा क्विंटल धान लागणाऱ्या कुटुंबाचे सारे काम ताशी दीडशे किलोची गिरणी सात तासांहून कमी वेळात उरकते. उरलेले वर्ष ती कोपऱ्यात उभी असते आणि तिचे रबर नुसत्या उष्णतेने कडक होत जाते. घरची कॉफी-दळणी दिवसातून अर्धा मिनिट चालली तरी बिघडत नाही, कारण ताज्या दळण्यातच तिचे सार्थक असते. तीन अश्वशक्तीच्या गिरणीला ही चैन परवडत नाही. याउलट साठ घरांचा गट केला तर सहाशे क्विंटल धान आणि चारशे तासांचे काम होते. दोनशे दिवस, रोज दोन तास. एका माणसाला हे जमण्यासारखे आहे, आणि हलरच्या तुलनेत वाचलेला तांदूळ तीस क्विंटलांच्या घरात जातो. 'घरगुती' म्हणून विकले जाणारे हे यंत्र वस्तुतः वस्तीचे यंत्र आहे. अगदी एकट्या घरासाठीच हवे असेल तर हाताने फिरवावयाची मातीची किंवा लाकडी चक्की आजही हास्यास्पद नाही.

वनभागात धान हे एकमेव धान्य नाही हे विसरून चालणार नाही. कोदो-कुटकीचा दाणा बारीक आणि त्याचे आवरण, विशेषतः कोदोचे, फार चिवट. धानासाठी लावलेल्या फटीतून तो न सोलताच निसटतो आणि फट आवळली तर पिठी होते. त्यासाठी दाणा वेगाने भिंतीवर आदळविणारे, केंद्रोत्सारी पद्धतीचे सोलणीयंत्र वेगळे घ्यावे. एकाच गिरणीत सर्व धान्ये काढून देण्याचे आश्वासन मिळाले तर ते नम्रपणे बाजूस ठेवावे. चारोळीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. कठीण कवचातील तो मऊ दाणा अख्खा काढण्यासाठी बिया भिजवून, किंचित वाळवून दगडी जात्यातून काढतात, आणि सारे कौशल्य पाळूतील फट नेमकी ठेवण्यात असते. जाते दळण्यासाठीच असते असे नव्हे. फट राखता आली तर ते सोलतेही.

यंत्र प्रत्यक्ष घेताना विक्रेत्याच्या दुकानातील चकचकीत धानावर विसंबू नये. आपल्याच ढोलीतील दहा किलो धान तोलून न्यावे. बाहेर आलेला अख्खा तांदूळ, कणी, कोंडा व तूस वेगवेगळे तोलावेत. साडेसहा किलोंच्या वर एकूण तांदूळ आणि त्यात कणी थोडी असेल तर यंत्र समाधानकारक समजावे. मूठभर तांदळातून शंभर दाणे मोजून त्यांत न सोललेले किती हे पाहावे. तांदूळ हाताला चटका देण्याइतका गरम लागला तर घासणारा खण अति आवळलेला आहे. तुसाच्या ढिगात बोटे घालून पाहावे. त्यात तांदळाचे तुकडे लागले तर वाऱ्याचा झोत चुकीचा आहे. शक्य असल्यास हीच परीक्षा एकदा पौषात आणि पुन्हा वैशाखात घ्यावी, कारण जानेवारीत निर्दोष ठरलेले यंत्र मे महिन्यात त्याच धानाची कणी करताना आढळते, आणि त्या वेळी फट किती सैल करावी लागते हे ज्याने एकदा पाहून ठेवले असेल त्यालाच ते यंत्र पुढे नीट चालविता येते.